चार नंबरचं पाणी

सही करायच्या आधी कागद वाचून दाखवायचा, हा माझा नियम. ऑफिसचा नाही, माझा. आमचे दिग्विजय सर वैतागतात. म्हणतात, "आम्रपाली, तू सह्या आणायला जातेस की प्रवचन द्यायला?" म्हणोत बापडे. माझ्या वडिलांनी पिंपरीतल्या एका कारखान्यात तेवीस वर्षं काढली आणि शेवटच्या दिवशी "इथं, इथं आणि इथं" म्हणत पुढे सरकवलेल्या कागदांवर सह्या ठोकून घरी आले. त्यात काय लिहिलं होतं ते आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. तेव्हापासून कुणी न वाचता पेन उघडलं की माझं डोकं फिरतं.

सरांचं ऑफिस पिंपरीत, दोन खोल्यांचं. आम्ही पेटंटचे अर्ज करतो. बी.एस्सी.ला माझं मायक्रोबायॉलॉजी होतं, म्हणून जिवाणू, जनुकं, असलं काही आलं की ते माझ्या टेबलावर. आणि ते काम म्हणजे डोक्याला शॉट आहे. भारतात पहिला अर्ज केला की बारा महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय अर्ज टाकायचा. जनुकाची सगळी अक्षरं, ए, सी, जी, टी, ही चारच पण हजारांनी, ठरवून दिलेल्या साच्यातल्या कॉम्प्युटर फाइलमध्ये भरायची. तिथं पीडीएफ चालत नाही, वर्ड तर नाहीच नाही. तो क्रम कुठल्या जिवाचा ते लिहायचंच, रकाना रिकामा सोडला तर फाइल चूक दाखवते. आणि नव्या जिवाणूवर हक्क सांगायचा असेल तर तो जिवाणू, अगदी जिवंत, अर्जाच्या आधी मान्यता असलेल्या संग्रहात जमा करून त्याचा नंबर अर्जात द्यायचा. कारण मशीनचं चित्र काढून दाखवता येतं, जिवाणूचं वर्णन कितीही केलं तरी दुसऱ्याला तो बनवता येत नाही. एकदा अर्ज गेला की गेला. मागून एक अक्षर नवीन घालता येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या नोव्हेंबरातला तो बुधवार. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बारा महिने संपत होते. गुरुवारी आपल्याकडे एमआयडीसीला सुट्टी, म्हणून एक सही राहिली होती ती घ्यायला मी बुधवारीच चाकणला निघाले. कासारवाडीहून स्कूटरवर. मोशीपर्यंत ठीक, पुढे चाकणच्या चौकात अर्धा तास कंटेनरच्या मागे धूर खात उभी. पण मूड चांगला होता, खोटं कशाला सांगू. ही सही घेताना मला आनंद होणार होता.

सही जयसिंगभाऊंची होती. जयसिंगभाऊ म्हणजे खराबवाडीजवळच्या एका छोट्या मशीन शॉपमधले ऑपरेटर, मूळचे अहमदपूरकडचे. शॉपमध्ये आठ सीएनसी मशीन. लोखंड कापताना त्यावर सतत कूलंट सोडतात, दुधासारखं पांढरं पाणी. ते मशीनच्या खालच्या टाकीत जातं आणि तिथून परत वर येतं. पण ते नासतं. गुरुवारी मशीन बंद राहिली की शुक्रवारी सकाळी शॉपमध्ये सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि त्या पाण्यात दिवसभर हात घालणाऱ्यांच्या कोपरापर्यंत खाज उठते. जयसिंगभाऊंच्या चार नंबरच्या मशीनला मात्र वास येत नव्हता. त्यांचे हातही स्वच्छ. कारण काय, तर टाकी रिकामी करून नवीन कूलंट भरताना हा माणूस जुन्यातलं एक मगभर बाजूला काढून नव्यात मिसळायचा. घरी दुधाला विरजण लावतात तसं. सहा वर्षं! कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मगात थोडं राहिलं होतं, चुकून नव्यात पडलं, त्या शुक्रवारी वास आला नाही, तेवढ्यावरून याने ओळखलं.

शॉपच्या मालकांचा मुलगा आयुष. बायोटेकमध्ये एम.टेक. करून आला आणि वडिलांच्या शॉपच्या माळ्यावर दहा बाय बाराची लॅब थाटून बसला. त्याने ही गोष्ट हेरली, जयसिंगभाऊंकडून एक बाटली भरून घेतली, त्यातला जिवाणू वेगळा केला, आणि कूलंट नासू न देणारं जे एन्झाइम तो जिवाणू बनवतो त्याचं जनुक वाचून काढलं. अकराशे सेहेचाळीस अक्षरं. पोरगा हुशार आहे, यात वाद नाही.

पण सरांनी पहिल्याच बैठकीत त्याला विचारलं होतं, "हे विरजण कुणी लावलं?" आयुषने नाव सांगितलं. सर म्हणाले, "मग जिवाणूच्या बाबतीत तोही शोधक. सहा वर्षं निवडत, जगवत आणलाय त्याने. त्याचं नाव गाळलं तर अर्ज कच्चा राहील." आयुषने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "घाला ना. जयसिंगमामांचं नाव यायलाच पाहिजे."

तेव्हापासून जयसिंगभाऊंचा मला तीन वेळा फोन आला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, "मॅडम, नाव पूर्ण येतंय न्हवं? वडलांच्या नावासकट?" मी म्हणायचे, "हो हो, पहिल्या पानावर. जगात कुठूनही बघता येईल." ते म्हणायचे, "न्हाई, पोरगी इचारते म्हणून." पोरगी म्हणजे दिव्या, बारावी सायन्सला. तिने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की माझ्या पप्पांनी शोध लावलाय, आणि मैत्रिणी फोटो मागत होत्या.

या माणसाला नावाची एवढी असोशी का, ते मला त्यांनीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. या शॉपमध्ये अकरा वर्षं झाली, पण ते शॉपचे नाहीतच. ठेकेदाराचे. ठेकेदार चार वेळा बदलला आणि दर वेळी कार्ड नवं, रुजू झाल्याची तारीख नवी. "कागदावर मी दीड वर्षाचा हाय, मॅडम," म्हणाले होते. "अजून रांगतोय."

तर त्या दिवशी मी पोचले तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. जयसिंगभाऊ हात धुऊन, केस विंचरून, स्टोअरच्या बाकड्यावर बसले होते. खिशाला स्वतःचं पेन. मला बघून उभे राहिले.

"बसा हो," मी म्हटलं. "आधी वाचते."

"वाचायचं काय त्यात, तुमी लिव्हलंय म्हंजी बरोबरच की. कुठं करू?"

"जयसिंगभाऊ, पेन खाली."

ते हसले, पेन मांडीवर ठेवलं. मी इंग्रजी मजकूर मराठीत सांगत गेले. तुम्ही आणि आयुष, दोघे शोधक आहात. पहिला नमुना अमुक तारखेला चार नंबरच्या मशीनच्या टाकीतून घेतला. "व्हय," ते म्हणाले, "मीच बाटली बुडवली, आयुषसाहेब शेजारी हुबे व्हते." जिवाणू वेगळा केला, जनुक वाचलं. "ते साहेबांचं काम." मे महिन्यात लाइट जाऊन लॅबचा फ्रीझर बंद पडला आणि मूळ जिवाणू मेला. "व्हय, लई हळहळले साहेब." म्हणून जूनमध्ये त्याच टाकीतून दुसरा नमुना घेतला, त्यातून तोच जिवाणू परत मिळवला आणि संग्रहात जमा केला, त्याचा नंबर अमुक अमुक.

त्यांनी मांडीवरचं पेन उचलून परत खिशाला लावलं.

"बरोबर ना?" मी विचारलं.

"ते दुसरं चार नंबरचं न्हाई, मॅडम."

"म्हणजे?"

"साहेबांनी कॅन दिला. म्हनले, चार नंबरचं पाणी भरून ठेवा, सरकारी ठिकाणी ठिवायला जायाचंय." त्यांचा आवाज खाली आला, चूक सांगताना येतो तसा नाही, संकोचाने. "चार नंबरचं पाणी दिसायला लई घाण वो. वास न्हाई, पण काळं, वर तेलाचा तवंग. सरकारी ठिकाणी अशी घाण कशी द्यायची? साहेबांची लाज जाईल न्हवं का. म्हणून मी कॅन गरम पाण्यानं सोड्यानं घासला आणि सहा नंबरचं भरलं. महिन्यापूर्वीचं, पांढरंफेक."

मी विचारलं, "सहामध्ये तुमचं विरजण असेल ना पण?"

"न्हाई. सहा नवी मशीन, वॉरंटीत हाय. तिच्यात काय घालायचं न्हाई असा बोर्ड लावलाय."

कपाळावर हात मारला मी. अक्षरशः मारला. नंतर वाटलं, त्यांच्यासमोर मारायला नको होता, कारण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी खरं सांगलालो, मॅडम. कुनी इचारलंच न्हाई आजवर."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आयुषने त्या कॅनमधून जिवाणू वाढवला, रंग तसाच पिवळट, आकार तसाच, आणि घाईत पुन्हा जनुक न वाचताच संग्रहात धाडला. संग्रहवाले जिवाणू जिवंत आहे का ते तपासतात, तोच आहे का ते कुठे तपासत बसणार? अर्जातली अकराशे सेहेचाळीस अक्षरं एका जिवाणूची, आणि नंबर भलत्याच जिवाणूचा.

मी तरातरा माळ्यावर गेले. आयुष लॅपटॉपवर होता. मी सांगितलं. तो आधी म्हणाला, शक्य नाही. मग कसलीशी फाइल उघडली आणि बंद केली.

"टाकीतून आत्ता परत घेता येईल ना?" मी विचारलं. "मुदत पाळता येणार नाही ते कळतंय मला. निदान तो जिवाणू तरी आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. बाबांनी खंडेनवमीच्या साफसफाईत आठही टाक्या केमिकलने धुवून घेतल्या. जुने मग, बादल्या, सगळं भंगारात. जयसिंगमामा गावी गेले होते. आता चार नंबरलाही शुक्रवारी वास येतो."

म्हणजे संपलं. ज्याच्यावर हक्क सांगायचा तो जीव आता जगात कुठेच नव्हता. त्याची अक्षरं तेवढी माझ्या फाइलमध्ये होती.

आयुष दाराकडे बघत हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे ऐकलंच नाही असं समजा ना. मामांची सही घ्या. कोण तपासतंय?"

मी भडकले. "समजा काय, आयुष? त्या माणसाला मी वाचून दाखवलंय, त्यांनी मला तोंडावर सांगितलंय की हे खोटं आहे, आणि आता त्याच खोट्याखाली त्यांची सही घेऊ? उद्या परदेशातल्या कुणी तो जिवाणू मागवून तपासला तर पहिला प्रश्न त्यांना. तेव्हा तू येणारेस का त्यांच्या शेजारी उभा राहायला?" त्याने मान खाली घातली. वाईट नाही तो. घाबरला होता.

सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जनुकाची अक्षरं पहिल्या बाटलीतली ना? मग ती खरी आहेत. अक्षरांवरून एन्झाइम कुणालाही बनवता येईल, त्याला जिवंत जिवाणू लागत नाही. हक्काचे दावे, एक ते चार, काढून टाका. जिवाणू, आणि त्याचं विरजण लावायची पद्धत. पाच ते अकरा राहू दे. एन्झाइम आणि जनुक. संग्रहाचा नंबर उडवा. उद्या दुपारपर्यंत अर्ज जाईल."

आयुषचा जीव भांड्यात पडला. तो चक्क हसला. मी विचारलं, "आणि शोधक?"

सर म्हणाले, "पाच ते अकरामध्ये त्याचं काय आहे, आम्रपाली? जनुक आयुषने वाचलं, एन्झाइम आयुषने तपासलं. त्या माणसाचं जे होतं ते एक ते चारमध्ये होतं. ज्यावर आपण हक्कच मागत नाही, त्याचा शोधक लिहिता येत नाही. लिहिला तर तेही खोटंच."

मी भांडले. म्हटलं, त्यांच्या मगाशिवाय जनुक कुठून आलं असतं? सर म्हणाले, "मला पटतं. कायद्याला पटत नाही." आणि मला माहीत होतं ते बरोबर बोलतायत. अकरा वर्षं हेच काम करतेय मी. दुसरं कुणी असतं तर हेच मी त्याला सांगितलं असतं, तेही चढ्या आवाजात.

फोन ठेवल्यावर आयुष म्हणाला, "मॅडम, मामांना तुम्ही सांगाल? माझ्याच्यानं नाही होणार." मी जिना उतरले.

जयसिंगभाऊ चार नंबरवर होते. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं, फडक्याला हात पुसले आणि परत खिशातलं पेन काढलं.

मी सरळ सांगितलं. गोलगोल बोलायची मला सवय नाही, आणि त्या दिवशी तर ताकदही नव्हती. जिवाणूचा भाग काढावा लागतोय. तो भाग तुमचा होता. त्यामुळे शोधक म्हणून तुमचं नाव येणार नाही.

"म्हंजी माझ्या कॅनमुळं."

"कॅनमुळे नाही हो. आयुषने तपासायला हवं होतं. त्याचं काम होतं ते."

"आनि साहेबांचं नाव?"

"ते राहतंय. जनुक त्यांनी शोधलं."

त्यांनी मान हलवली, एखाद्याने शिफ्ट बदलल्याचं सांगावं तशी. मला ते बघवेना. मी घाईघाईने म्हटलं, "ऐका, अक्षरांच्या फाइलमध्ये एक रकाना असतो. नमुना कुठून आला आणि कुणी गोळा केला. बहुतेक लोक तो भरत नाहीत. मी भरणार आहे. चाकण, मशीनच्या कूलंटची टाकी, आणि तुमचं पूर्ण नाव. पहिली बाटली तुम्हीच भरली होती, त्यामुळे ते शंभर टक्के खरं आहे. सरांना विचारायचीही गरज नाही."

"वडलांच्या नावासकट?"

"वडिलांच्या नावासकट."

"दिव्याला दिसंल का ते?"

मी खोटं बोलू शकले असते. "दिसेल. पण ती फाइल वेगळी असते, कॉम्प्युटरच्या भाषेतली. उघडून, आत शोधावं लागेल."

"पयल्या पानावर न्हाई."

"नाही."

त्यांनी फडक्याने मशीनची काच पुसली. मग म्हणाले, "मॅडम, एक इचारू? मी मगाशी बोललोच नसतो तर? सही करून मोकळा झालो असतो तर?"

"तर नाव राहिलं असतं," मी म्हटलं. "पण ते खोटं ठरलं असतं, जयसिंगभाऊ. कुणीतरी तपासलं असतं, आणि मग सगळंच रद्द."

"कवा?"

"काय माहीत. पाच वर्षांनी, सात वर्षांनी. पेटंट चाललं, पैसा दिसायला लागला की विरोध करणारे उभे राहतात, तेव्हा."

"पाच-सात वर्षं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ते मनातल्या मनात मोजत होते. "तवर दिव्याचं कॉलेज झालं असतं की, मॅडम. सात वर्षं तरी राहिलं असतं पयल्या पानावर." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, "तुमी वाचून कशाला दावलं?"

मला राग आला, माझाच आला, आणि डोळ्यांत पाणी आलं. वाचून दाखवणं म्हणजे समोरच्याचं भलं करणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. या माणसाचं काय भलं केलं मी? मी म्हटलं, "माझं चुकलं असेल." ते लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमचं कसं चुकंल," आणि मशीनचं दार सरकवून त्यांनी बटण दाबलं.

त्यांच्या पूर्ण नावाचा, सही न झालेला कागद माझ्या हातात होता. असले रद्द कागद ऑफिसात नेऊन फाडायचे असतात. मी तो पिशवीत घातला आणि दुपारी ऑफिसात जाऊन फाडला.